पाणी घालायचं राहिलंय

"आजोबा, सांगा बरं, मी कोण?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच. तो चष्मा आणि लंबू या तिच्या मैत्रिणींनी मिळून तिच्या गळ्यात मारला होता. शाळेतून येताना रस्ताभर दोघींचं तेच चाललं होतं. चष्माचं म्हणणं, आजोबा भिंगरीला ओळखत नाहीत, परवा त्यांनी तिला आईच्या नावानं हाक मारली, मी माझ्या कानांनी ऐकली. लंबूचं म्हणणं, छट्, म्हातारी माणसं पक्की असतात, मुद्दाम वेड पांघरतात.

"मग विचार ना सरळ. मी कोण, म्हणून विचार."

"त्यात काय विचारायचंय?"

"घाबरलीस!"

झालं. भिंगरीला कोणी घाबरलीस म्हटलं की विषय संपला. पूर्वीची भिंगरी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिनं सगळ्या शाळेसमोर माइक हातात घेतला, आणि तो परत घ्यायला बाईंना स्टेजवर चढावं लागलं. तेव्हापासून घाबरणं हा प्रकार तिनं आयुष्यातून काढून टाकला होता.

आजोबा घरापुढच्या लॉनवर उभे होते. पायजमा घोट्यांच्या वर दुमडलेला, हातात हिरवा पाइप, आणि पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याचा पंखा करायची ती नेहमीची लकब. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. खांद्यापासून खाली, माप घेतल्यासारखं, सावकाश. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"तू? तू म्हणजे गवतावर बूट घालून उभी राहिलेली मुलगी."

चष्मा आणि लंबू फुटल्याच हसायला. भिंगरीनं टुणकन उडी मारून फरशीची वाट गाठली आणि तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं.

"बघितलंस? कसे पक्के आहेत!" लंबू म्हणाली.

"पण उत्तर कुठं दिलं?" चष्मा म्हणाली. तिचा स्वभावच तो. गणितातसुद्धा उत्तर बरोबर आलं तरी ती पायऱ्या तपासायची.

दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत भिंगरी हसत राहिली. मग थांबली. चष्माचं बरोबर होतं. आणि आणखी एक गोष्ट तिला कळली, ती पायांमुळे. मोजे ओले लागत होते. लॉनवर ती जेमतेम दोन पावलं गेली असेल, तेवढ्यात पाणी बुटात शिरलं होतं.

"पाणी घातलं का गं आज?" आजोबांनी विचारलं. पाइप त्यांच्याच हातात होता आणि धो धो चालू होता.

"नाही हो आजोबा," भिंगरी म्हणाली. "राहिलंय. घाला की."

हा त्या घराचा नियम होता.

आजोबा म्हणजे आईचे वडील. हयातभर शिंपी. बाजाराच्या रस्त्याला जिन्याखाली दुकान, त्यात एक मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा, आणि गिऱ्हाईक आलं की आजोबांनी स्वतः बाहेर उभं राहायचं, इतकीच जागा. आजी गेली, पाठोपाठ सुईचं नेढं दिसेनासं झालं, तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते लेकीकडे आले. मशीन मागच्या खोलीत ठेवलं, त्याच्यावर चादर पडली. आणि या रिकाम्या हातांचं करायचं काय, असा प्रश्न उभा राहिला.

घरापुढे तेव्हा नुसता खडबडीत चौकोन होता. बाबा तिथं स्कूटर लावायचे. आजोबांनी तो मागून घेतला. माती उकरली, खडे वेचले, वाळू आणि खत मिसळलं, फळी फिरवून सपाट केलं. मग हरळीच्या मुळांचे बोटभर तुकडे कापले आणि दोरी ताणून, ओळीनं, वीतवीत अंतरावर एकेक तुकडा खोचत गेले. टाके घालावेत तसे. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "अहो, बी फेकायचं, एवढी कंबर कशाला मोडता?" तर म्हणाले, "ते रेडिमेड. हे मापाचं आहे."

तिथल्या हवेत गवताला काय तोटा? ऊन कडक आणि हवा इतकी दमट की दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही चिकट लागायचा. मुळं जमिनीवरून पळत सुटली, एकमेकांना भिडली, आणि चौकोन हिरवागच्च झाला. आठवड्याला आजोबा गवत कापायचं हातयंत्र ढकलायचे, आधी उभं, मग आडवं, आणि त्याला म्हणायचे इस्त्री. कडा मात्र दुकानातल्या मोठ्या कातरीनंच. गुडघ्यांवर बसून, जीभ किंचित बाहेर काढून. एखादं पातं वाटेवर आलेलं दिसलं की म्हणायचे, "धागा निघालाय बघ." लहानपणी भिंगरी ते कातरण गोळा करून त्यांच्या टकलावर टाकायची, आणि ते तस्सेच, डोक्यावर गवत घेऊन, जेवायला बसायचे. तिला भिंगरी हे नावही त्यांनीच दिलेलं. एका जागी ठरेल तर शपथ.

गल्लीत बाकी सगळ्यांच्या दारात फरशी आणि फरशीवर गाड्या. हा एकच हिरवा तुकडा. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि आजोबा मुद्दाम पाठ करून उभे राहायचे, म्हणजे त्यांना मोकळेपणी कौतुक करता यावं.

मग आजोबांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली. मग वार गेले. मग जेवलो की नाही ते जाऊ लागलं. लॉन तेवढं शाबूत राहिलं. कातर कशी धरायची, कुठली कड आधी, सगळं पाठ. फक्त एवढंच, की पाणी घातलं की घालायचंय, हे डोक्यात टिकेना. पाइप गुंडाळून ठेवायचे, आत येऊन पाय पुसायचे, घोटभर चहा घ्यायचे आणि उठायचे. "चला, पाणी घालायचं राहिलंय."

एकदा आई बोलून गेली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर सुया टोचून घरी येते, दमलेली होती. "अप्पा, आत्ताच तर घातलंत! तिसऱ्यांदा!"

आजोबा थांबले. नळाकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या ओल्या पायांकडे. "हो का?" म्हणाले. "तरीच पाय ओले आहेत."

त्यानंतर दोन दिवस ते कशालाच हात लावेनात. पाण्याचा पेला समोर ठेवला तरी विचारायचे, "हे मी प्यालोय का?" संडासाच्या दारात उभे राहून विचारायचे, "मी जाऊन आलोय का?" आपल्याच हातापायांवरचा भरवसा उडालेला माणूस कसा दिसतो ते भिंगरीनं तेव्हा पाहिलं, आणि आईनं ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं. तेव्हापासून घरात ठरलं. अप्पांनी विचारलं, पाणी घातलं का, तर नाही म्हणायचं. राहिलंय म्हणायचं. बिघडतं काय त्यात? पाणीच तर आहे.

बिघडलं ते लॉनचं बिघडलं.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि दिवे लागल्यावर आणखी एकदा. तशा दमट हवेत ते पाणी जाणार कुठं? पाती रात्रभर ओली राहायची. पहाटे गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसायचे, ऊन आलं की विरून जायचे. मग तांबूस गोल डाग उठले, बशीएवढे, मग ताटाएवढे, मग एकमेकांत मिसळून नकाशाएवढे. भिंगरीनं एका डागातलं गवत चिमटीत धरून ओढलं तर मूठभर सुटून हातात आलं, खाली काळं, कुजकं, वास मारणारं. जिथं गवत गेलं तिथं शेवाळ धरलं. आणि त्याच शेवाळावरून एका सकाळी आजोबांचा पाय सटकला.

हाड मोडलं नाही. मनगट सुजलं, एवढंच. पण बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत आणि त्यांच्याकडे हॉस्पिटलच्या लिफ्ट आहेत.

"कमरेचं हाड मोडून वर गेलेली म्हातारी माणसं," बाबा म्हणाले, "खाली कशी येतात ते मला विचारा. मी रोज बघतो. ते गवत काढून टाकू. फरशी घालून घेऊ. खरबरीत, न घसरणारी. मी बोलतो फरशीवाल्याशी."

"आणि अप्पा काय करतील?" आईनं विचारलं.

"बसतील खुर्ची टाकून."

"अहो, बसतील म्हणजे? ते कधी बसलेत का?"

बाबा काही दुष्ट नव्हते. रोज संध्याकाळी आजोबांचे पाय ते स्वतः पुसायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, कारण सारखं ओलं राहून तिथं चिखल्या झाल्या होत्या.

इथं भिंगरीनं उडी घेतली. नेहमीप्रमाणे कोणी विचारलेलं नसताना.

"मी वाचवते लॉन! मला महिनाभर द्या. आता सुट्टीच लागलीय. नाही सुधारलं तर घाला तुमची फरशी, मी स्वतः सिमेंट कालवीन."

"तुला काय कळतं गं गवतातलं?" बाबा म्हणाले.

"कळत नाही, पण कळून घेता येतं. त्यालाच शिक्षण म्हणतात, बाबा."

बाबांना हसू आलं आणि त्यांनी महिना देऊन टाकला.

भिंगरी कामाला लागली ती वादळासारखी. जीवशास्त्राच्या बाईंना गाठलं, डाग दाखवायला डब्यात घालून गवत नेलं. बाईंनी डबा उघडला आणि लगेच बंद केला. बुरशी आहे, त्या म्हणाल्या. पाती रात्री ओली राहता कामा नयेत. पाणी फक्त सकाळी, तेही माती कोरडी झाली तरच. गवत फार खुरटं कापू नका, उंच राहू द्या म्हणजे मुळं खोल जातील. मातीत हवा जाऊ द्या. भिंगरीनं चष्मा आणि लंबूला पकडून आणलं. तिघींनी बागकामाच्या काट्यानं सगळ्या चौकोनाला भोकं पाडली, मेलेलं गवत खरवडून काढलं, वर बारीक वाळू पसरली. लंबूची वाळू कमी आणि भाषण जास्त. चष्मा प्रत्येक भोकाचं अंतर बघत होती. आजोबा कडेला उभं राहून तिघींची मजा बघत होते.

"कापड चांगलं आहे," ते लंबूला म्हणाले. "फक्त फार धुतलंय कोणीतरी."

तिघी हसून हसून वाळूत बसल्या. आजोबाही हसले. आणि मग त्यांनी पाइप उचलला.

कारण सगळं जमलं, पण ते जमत नव्हतं. पाणी घातलंय हे आजोबांना सांगायचं कसं? न सांगता सांगायचं कसं?

भिंगरीला युक्ती सुचली तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली. मागच्या खोलीत मशीनच्या खणात दोऱ्याची रिळं होती, पांढरी तर ढिगानं. सकाळी आजोबांचं पाणी घालून झालं की तिनं नळाच्या तोटीला पांढरा दोरा बांधायचा. "हे बघा आजोबा. दोरा दिसला की समजायचं, काम झालं. मग आपण हात लावायचा नाही." तोंडानं कोणी बोलणार नाही, कोणाला कमीपणा नाही. दोऱ्याची भाषा तर त्यांचीच. आजोबांनी दोरा बोटानं चाचपला, मान डोलावली. "समजलं," म्हणाले.

दुपारी भिंगरीनं खिडकीतून पाहिलं. आजोबा नळापाशी आले. दोरा दिसला. त्यांचा चेहरा उजळला. खिशातून छोटी कात्री काढून त्यांनी तो सफाईनं कापला, बोटाभोवती गुंडाळला, खिशात ठेवला, आणि नळ सोडला.

ती पळत बाहेर गेली. "आजोबा! दोरा होता ना?"

"होता की. काढला." ते तिला समजावून सांगू लागले, शिकाऊ पोराला सांगावं तसं. "पांढरा धावदोरा म्हणजे कच्ची शिवण. नुसतं जोडून ठेवलेलं असतं. म्हणजे काम राहिलंय. पक्की शिवण घालायची आणि धावदोरा काढून टाकायचा. तसंच सोडून कोणी गिऱ्हाइकाला देतं का?"

भिंगरीनं कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या हातानं पांढरा दोरा पाहिला की काम पुरं करायचं, त्याला तिनं पांढरा दोरा बांधून काम थांबवायला सांगितलं होतं. घरात लाल, काळी, निळी, सगळी रिळं असताना. दुसऱ्या दिवशी तिनं लाल बांधला. पण तोवर उशीर झाला होता. नळावर दोरा असतो आणि तो काढून पाणी घालायचं असतं, हे आजोबांच्या हाताला पाठ झालं होतं. इतक्या दिवसांत नव्यानं शिकलेली आणि न विसरलेली ती एकच गोष्ट. दोरा दिसला नाही, तर आता ते विचारायला येत. "आज दोरा नाही बांधलास?"

डाग वाढतच होते. अर्धा महिना सरला होता.

मग भिंगरीनं बाबांना जिन्याखालचा व्हॉल्व्ह दाखवला. बाहेरच्या नळाला पाणी तिथूनच जातं. तो बंद केला की नळ कोरडा. सकाळी ती स्वतः उघडणार, मोजून पाणी घालणार, आणि पुन्हा बंद. आजोबांना हाताला लागू नये म्हणून बाबांनी व्हॉल्व्हचं चाक काढून फ्रिजवर ठेवलं, आणि गवत उंच राहावं म्हणून कापायचं यंत्र आणि मोठी कातरही माळ्यावर टाकली.

"आणि त्यांनी विचारलं तर?" आई म्हणाली.

"पाणी गेलंय म्हणायचं," भिंगरी म्हणाली. "जातं की पाणी. सगळ्यांकडे जातं."

पहिल्या दुपारी आजोबांनी नळ सोडला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. आजोबांनी पाइप तपासला. कुठं मुरड पडलीय का म्हणून टोकापासून टोकापर्यंत हातात घेत गेले. पाइपच्या तोंडाला डोळा लावून आत बघितलं.

"पाणी गेलंय, आजोबा. येईल."

"येईल ना?"

"येईल की."

ते पायरीवर बसले. पाइपचं तोंड मांडीवर धरून, गवताकडे तोंड करून. आई लॅबमधून आली तेव्हा बसलेले, बाबा आले तेव्हा बसलेले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "पाणी आलं म्हणजे?" दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशीही. मग हळूहळू कमी झालं. एक दिवस त्यांनी नळापाशी जायचंच सोडलं, आणि भिंगरीला हायसं वाटलं. हायसं वाटलं, हे खरं.

कारण लॉन उठलं! डागांच्या कडांवरून हिरव्या जिभा आत सरकल्या. शेवाळ वाळून पापुद्रे झालं आणि झाडून टाकलं गेलं. वाळूतून पोपटी टोकं वर आली. भिंगरी रोज सकाळी पालथी पडून, गाल जमिनीला लावून बघायची. लंबूनं तर गवताला नमस्कार केला. चष्मानं सगळीकडे फिरून, एका कोपऱ्यातला उरलेला डाग शोधून काढून, मग "चांगलं आहे" म्हटलं, म्हणजे दहापैकी दहा. बाबांनी शब्द पाळला. तिच्यादेखत फोन करून फरशीवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुला."

भिंगरी त्या संध्याकाळी घरभर नाचली. नाचत नाचत आजोबांना सांगायला मागच्या खोलीत गेली.

आजोबा मशीनपाशी खुर्चीवर बसले होते. दिवा लावलेला नव्हता. अंगातला सदरा त्यांनी खालून उसवला होता. दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपर्यंत मोकळ्या, कापड लोंबत होतं, आणि बोटं अजून चालूच होती. एकेक टाका नखानं वर काढायचा, ओढायचा, मांडीवर ठेवायचा. मांडीवर दोऱ्यांचा केवढा पुंजका जमला होता. भिंगरीला आठवलं, गेले काही दिवस आई संध्याकाळी त्यांचे सदरे शिवत बसते. तिनं विचारलं नव्हतं. तिला लॉन होतं.

"आजोबा, हे काय करताय?"

त्यांनी वर बघितलं. "कोणी आलंय का दुकानात?"

"नाही... मी आहे."

"हं." ते पुन्हा शिवणीकडे वळले. "येत नाही हल्ली कोणी. कामच येत नाही. सगळे मला विसरले वाटतं."

किती साध्या आवाजात म्हणाले ते! तक्रार नाही, काही नाही. आज जरा उकडतंय म्हणावं तसं. भिंगरीनं मांडीवरचा दोऱ्यांचा पुंजका उचलून मशीनवर ठेवला.

"चला," ती म्हणाली. "चला, तुम्हाला गंमत दाखवते."

हात धरून तिनं त्यांना बाहेर आणलं. सदऱ्याच्या दोन झोळ्या दोन्हीकडे हलत होत्या. उन्हं कलली होती आणि लॉन अगदी बघण्यासारखं दिसत होतं, दाट, उंच, वाऱ्यावर थोडं वाकणारं. आजोबा वाटेवर थांबले. परक्याच्या दारात थांबावं तसे, पाय जवळ घेऊन.

"छान आहे," ते अदबीनं म्हणाले. "कोणाचं आहे?"

"तुमचं, आजोबा. तुमचंच आहे. तुम्ही लावलंय."

"छे छे." ते वाकले, पाती दोन बोटांत धरून पाहिली, उंची पाहिली, कड पाहिली. पोर खोटं बोलतंय म्हणून त्यांना राग आला नाही, उलट तिचीच समजूत घातल्यासारखे म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही, बाळ. माझ्या हातचं मला कळतं."

आणि ते घरी जायला वळले. दाराकडे नाही, फाटकाकडे. तिनं त्यांना हलकेच फिरवलं.

त्यांना पलंगावर बसवून भिंगरी पायरीवर येऊन बसली. समोर एवढं हिरवं होतं, आणि त्याच्याकडे बघायचं तिच्या जिवावर आलं. बाईंचं एकेक वाक्य खरं ठरलं होतं. गवत उंच राहू दिलं, ओलं राहू दिलं नाही, हात लावू दिला नाही. सगळं कसं बरोबर. त्या बरोबरमध्ये आजोबांना कुठं उभं करायचं, एवढंच कोणाला सुचलं नव्हतं, तिला तर नाहीच. ती रडली. नाक वर ओढत, आवाज न करता, जे तिला अजिबात जमत नसे.

बाबा आले, आई आली. जेवणं झाली. आई पुन्हा सदरा घेऊन बसली, सुईत दोरा ओवू लागली. बाबा टेबल पुसत होते. भिंगरी उठून फ्रिजपाशी गेली, टाचा उंच केल्या आणि व्हॉल्व्हचं चाक काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"मी व्हॉल्व्ह उघडणार आहे."

"आत्ता? सकाळी घालतेस ना पाणी?"

"मी नाही घालणार. आजोबा घालतील. त्यांना वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा."

बाबा पुसायचे थांबले. "अगं, पुन्हा कुजेल ते. एवढी मेहनत केलीस. महिन्याभरात होतं तसं होईल."

"महिनाही लागणार नाही, बाबा. मला माहितीय. आता तर मला नीटच माहितीय."

"आणि पुन्हा घसरले म्हणजे?"

आईनं सुई खाली ठेवली होती. ती भिंगरीकडे बघत होती, अर्धा शिवलेला सदरा मांडीवर घेऊन.

भिंगरी बाबांकडे वळली.

"घसरणार नाहीत, कारण ते एकटे जाणार नाहीत. सकाळी तुम्ही त्यांचा दंड धरा, दुपारी मी, संध्याकाळी आई. कापायचं यंत्रही काढून द्या त्यांना, त्यांना हवं तेवढं खुरटं कापू देत. चिखल झाला तर होऊ दे. सगळं लॉन गेलं तरी चालेल, मी परत वाचवायला जाणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी उघडणार आहे, बाबा, म्हणून आधी सांगतेय."

तिनं चाक उचललं आणि ती जिन्याकडे निघाली.